युरेनियमची सल्फेट खनिजे: पिवळा दगड, बोअरचे पाणी आणि आपली किडनी

थोडक्यात

- झिपेआइट, जोहॅनाइट, युरॅनोपिलाइट ही युरेनियम आणि सल्फेट असलेली दुर्मीळ खनिजे आहेत. ती मुख्यतः जुन्या खाणींच्या ओल्या भिंतींवर तयार होतात.
- असा दगड एकदा हातात घेतल्याने आजार होत नाही. त्याची पूड श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाणे मात्र धोक्याचे आहे.
- सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न दगडाचा नसून पाण्यात विरघळलेल्या युरेनियमचा आहे. त्याचा पहिला परिणाम किडनीवर होतो.
- पिण्याच्या पाण्यातील मर्यादा दर लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. रंग, वास किंवा चवीवरून युरेनियम ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते.
- पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही.
- पाण्याची शंका आली म्हणून बीपी किंवा शुगरच्या गोळ्या बंद करू नका.

हा विषय कशासाठी?

मागच्या उन्हाळ्यात साठीच्या एक बाई मुलासोबत दवाखान्यात आल्या. पायाला सूज होती आणि क्रिएटिनिन वाढलेले होते. मुलाने मोबाइलवर एका चकचकीत पिवळ्या दगडाचा फोटो दाखवला आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, हे युरेनियम आपल्या भागातबी आहे म्हणतात. आमच्या बोअरच्या पाण्यात असन काय? त्याच्यानंच आईची किडनी गेली असन काय?"

प्रश्न योग्य होता. पण बोलता बोलता आणखी एक गोष्ट समजली. "दोष पाण्यात आहे" असे ठरवून त्यांनी आईच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. गुडघेदुखीची गोळी मात्र रोज सुरू होती. या कुटुंबाचा पुढचा अनुभव लेखाच्या शेवटी दिला आहे. आधी हे खनिज काय आहे ते समजून घेऊ.

युरेनियमचे सल्फेट खनिज म्हणजे काय?

युरेनियम हा जड धातू आहे. 1789 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी तो पिचब्लेंड नावाच्या काळ्या, जड खनिजात शोधला. हे काळे खनिज पाण्यात सहज विरघळत नाही. पण त्याच खडकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे सोनेरी दिसणारे खनिज, असेल आणि खाण खोदल्यामुळे तिथे हवा व पाणी पोहोचले, तर पायराइटपासून गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल युरेनियमला विरघळवते. पुढे ते पाणी भिंतीवर झिरपून सुकले, की मागे पिवळा किंवा हिरवा थर उरतो. जुन्या विटांच्या ओल्या भिंतीवर खारे फुलतात, साधारण तसाच हा प्रकार आहे. हा थर म्हणजे युरेनियमचे सल्फेट खनिज.

यातली मुख्य खनिजे अशी:

- झिपेआइट: लिंबासारखे पिवळे ते नारिंगी, मातकट आणि मऊ. त्याचा सहसा भुकटीसारखा थर असतो. त्यात पोटॅशियम, युरेनियम, सल्फेट आणि पाणी असते. वजनाच्या सुमारे 63 टक्के युरेनियमच असते.
- जोहॅनाइट: हिरवे, कारण त्यात तांबेही असते. युरेनियमचे प्रमाण सुमारे 49 टक्के. जुन्या ग्रंथांत त्याची चव कडवट असल्याची नोंद आहे. त्या काळी खनिज ओळखण्यासाठी ते जिभेला लावून पाहत. आज असे कोणीही करू नये.
- युरॅनोपिलाइट: पिवळे. अतिनील दिव्याखाली हिरवट चमकते.

झिपेआइट आणि जोहॅनाइट या दोन्ही खनिजांना ऑस्ट्रियाचे खनिजशास्त्रज्ञ हायडिंगर यांनी नावे दिली. जोहॅनाइटला 1830 मध्ये ऑस्ट्रियाचे राजपुत्र योहान यांचे नाव मिळाले, तर झिपेआइटला 1845 मध्ये खनिजशास्त्रज्ञ झिपे यांचे. दोन्ही खनिजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्हच्या खाणींत सापडली. मेरी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये रेडियमचा शोध लावला, तेव्हा त्यांचे पिचब्लेंडही याच भागातून आले होते.

डॉक्टर म्हणून या खनिजांचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो: ती युरेनियमच्या काळ्या खनिजापेक्षा पाण्यात खूप सहज विरघळतात. खडकात बंद असलेले युरेनियम आपल्याला सहसा त्रास देत नाही. ते पाण्यात उतरले की माणसापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होते. झारखंडमधील जादुगुडा येथे खनिजातून युरेनियम वेगळे काढतानाही गंधकाम्लच वापरतात. खाणीच्या भिंतीवर निसर्ग जे हळूहळू करतो, तेच कारखान्यात वेगाने केले जाते.

आपल्या भागात युरेनियम आहे का?

महाराष्ट्रात युरेनियमचा जो साठा सरकारी नोंदीत आहे, तो गोंदिया जिल्ह्यातील मोगर्रा येथे आहे. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे हा भाग पूर्वी भंडारा जिल्ह्यातच होता. देशातील मोठ्या साठ्यांच्या तुलनेत हा साठा फार लहान आहे.

यावरून घाबरण्याचे कारण नाही. ग्रॅनाइट आणि त्याच्यासारख्या जुन्या कठीण खडकांत थोडेफार युरेनियम जगभर असतेच. आपल्या पूर्व विदर्भात असे जुने खडक बरेच आहेत. म्हणून प्रत्येक विहिरीत युरेनियम आहे असे समजणे चुकीचे आहे, आणि आपल्याकडे ते असूच शकत नाही असे म्हणणेही चुकीचे आहे.

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजरुक येथील खाण कामगार नेहमी विचारतात, "आमच्या खाणीतही किरणे असतात का?" या खाणी मँगनीजच्या आहेत आणि मँगनीज किरणोत्सारी नाही. मँगनीजच्या धुळीचा धोका वेगळा आहे. अनेक वर्षे खूप धूळ श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होऊन हालचाली मंदावतात, चाल बदलते. म्हणून मास्क आणि नियमित तपासणी तिथेही हवीच.

विहिरीच्या पाण्यात युरेनियम कसे येते?

इथे एक फरक लक्षात घ्या. आम्लयुक्त खाणीत युरेनियम सल्फेटसोबत वाहते. आपल्या साध्या विहिरी-बोअरचे पाणी आम्लयुक्त नसते. त्यात बायकार्बोनेट असते आणि युरेनियम मुख्यतः त्याच्यासोबत विरघळून राहते. म्हणजे सोबती बदलतो, पण गोष्ट तीच: खडकातले युरेनियम पाण्यात उतरते.

पाणी खडकाच्या भेगांत जितका जास्त काळ राहते, तितकी त्यात खडकातील द्रव्ये विरघळण्याची शक्यता वाढते. त्यामुळे कठीण खडकातील खोल बोअरकडे जास्त लक्ष द्यावे लागते. तलाव आणि नदीच्या पाण्यात युरेनियम सहसा कमी असते. आपला जिल्हा तलावांचा आहे, जवळून वैनगंगा वाहते. पण मामा तलावाचे किंवा नदीचे पाणी न शुद्ध करता प्यायले, तर जुलाब, कावीळ आणि विषमज्वराचा धोका त्याहून मोठा आहे. एका भीतीपोटी दुसरा आजार ओढवून घेऊ नका.

केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत देशात पंजाब आणि राजस्थान या राज्यांत युरेनियमचे प्रमाण जास्त असलेले नमुने सर्वाधिक आढळले आहेत.

मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला 30 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही आता 0.03 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे तेवढीच मर्यादा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची 60 मायक्रोग्रॅमची मर्यादा किरणोत्साराच्या दृष्टीने ठरवलेली आहे. रिपोर्टवर कधी एक तर कधी दुसरा आकडा दिसतो, त्याचे कारण हे. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी 30 हाच आकडा धरा.

मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा हजार लिटरचे तीन टँकर डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या पाण्यात मिळून एका ग्रॅमपेक्षा थोडे कमी युरेनियम असेल, तर ते प्रमाण या मर्यादेवर येते. इतके कमी प्रमाण डोळ्यांना दिसणे किंवा जिभेला कळणे शक्यच नाही.

ही मर्यादा रोज, वर्षानुवर्षे पिण्याच्या पाण्याची आहे. रिपोर्टमध्ये 35 आले म्हणजे विषबाधा झाली असा अर्थ होत नाही. पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय करा, एवढाच त्याचा अर्थ.

शरीरात काय होते?

युरेनियम म्हटले की लोकांना किरणे आणि कॅन्सर आठवतो. नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सार मंद असतो. त्याचे मुख्यतः अल्फा किरण निघतात. ते कागदाने किंवा त्वचेच्या वरच्या थराने अडतात. पाण्यातून जाणाऱ्या युरेनियमचा धोका मुख्यतः रासायनिक आहे, जसा इतर जड धातूंचा असतो.

गिळलेल्या युरेनियमपैकी साधारण शंभरातील एक-दोन भागच रक्तात शिरतात. बाकीचे शौचावाटे निघून जाते. रक्तात गेलेल्यापैकी बरेचसे एका दिवसात लघवीवाटे बाहेर पडते, उरलेले हाडांत आणि किडनीत काही काळ राहते. किडनीत असंख्य सूक्ष्म नलिका असतात. शरीराला हवी असलेली द्रव्ये त्या लघवीतून परत रक्तात घेतात. युरेनियमचा पहिला आघात या नलिकांवर होतो.

फिनलंडमध्येही ग्रॅनाइटचे खडक आणि खोल बोअर आहेत. तिथे बोअरचे पाणी पिणाऱ्या 325 जणांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या पाण्यात युरेनियम मर्यादेच्या कितीतरी पट होते. पाण्यातील युरेनियम वाढेल तसे लघवीतून कॅल्शियम जास्त जात होते, म्हणजे नलिकांच्या कामात सूक्ष्म फरक दिसत होता. पण किडनीच्या रक्त गाळण्याच्या मुख्य कामावर परिणाम दिसला नाही. यावरून दोन गोष्टी कळतात. परिणाम खरा आहे, त्यामुळे दुर्लक्ष करू नये. आणि पाण्यातील युरेनियममुळे किडनी अचानक निकामी होते, ही समजूत बरोबर नाही.

खाणीत काम करणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. युरेनियमसोबत रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघतो. बंद खाणीत तो वर्षानुवर्षे श्वासातून गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. याखिमोव्हच्या परिसरातील जुन्या खाण कामगारांमध्ये हा आजार दिसल्यावरच वैद्यकाला हा धोका कळला. धूम्रपान करणाऱ्यांना तो जास्त असतो.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

- ज्यांना आधीच किडनीचा आजार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे.
- लहान मुले, कारण वजनाच्या मानाने ती जास्त पाणी पितात. बाळाचे पावडरचे दूध तर पूर्ण पाण्यातच कालवले जाते.
- गरोदर स्त्रिया.
- शेतात राबणारे लोक. उन्हाळ्यात ते दिवसाला चार-पाच लिटर पाणी पितात.

पाण्याची तपासणी कशी करावी?

गावात जलसुरक्षकाकडे असलेल्या साध्या किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्षारता यांची तपासणी होते. त्यात युरेनियम कळत नाही. त्यासाठी फ्लुओरीमीटर किंवा त्याहून अद्ययावत यंत्र लागते. युरेनियमची काही खनिजे अतिनील प्रकाशात चमकतात. फ्लुओरीमीटर त्याच गुणाचा उपयोग करून पाण्यातले युरेनियम मोजतो.

1. ग्रामपंचायतीमार्फत किंवा थेट जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत चौकशी करा. "युरेनियमची तपासणी होते का, नसेल तर नमुना कुठे पाठवता?" असे स्पष्ट विचारा.
2. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. काही वेळा तिच्यात आधी आम्ल घालावे लागते.
3. नमुना घेण्याआधी पंप थोडा वेळ चालू ठेवा. पाइपात साचलेले पाणी भरू नका.
4. त्याच वेळी फ्लोराइड आणि नायट्रेटही तपासून घ्या. आपल्या भागात त्यांचा त्रास जास्त ओळखीचा आहे.
5. प्रमाण मर्यादेच्या जवळ आले तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासणी करा. ऋतूप्रमाणे प्रमाण बदलू शकते.

प्रमाण जास्त आले तर काय करावे?

*पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी पाणी बदला.* भात, वरण, भाजी यांत पाणी मुरते, म्हणून स्वयंपाकालाही सुरक्षित पाणीच वापरा. नळयोजनेचे तपासलेले पाणी मिळत असेल तर ते सर्वात सोपे.

*आरओ यंत्र उपयोगी आहे.* ते बहुतेक युरेनियम अडवते. पण पडदा वेळेवर बदलला नाही तर उपयोग कमी होतो. यंत्र लावल्यावर शुद्ध पाण्याचीही एकदा तपासणी करा. बाजूला पडणाऱ्या पाण्यात युरेनियम अधिक दाट असते. ते पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. फरशी पुसायला चालेल.

*हे उपाय चालत नाहीत:* उकळणे, कापडाने गाळणे, कँडल फिल्टर, क्लोरीनचे थेंब, अतिनील दिव्याचे फिल्टर. जंतूंसाठी हे उपाय चांगले आहेत, पण युरेनियमवर त्यांचा उपयोग नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि प्रमाण थोडे वाढते.

*आंघोळ, कपडे, भांडी यांसाठी* तेच पाणी वापरता येते. धडधाकट त्वचेतून युरेनियम शरीरात जाणे नगण्य असते.

डॉक्टरांकडे कोणत्या तपासण्या होतात?

पाण्यात युरेनियम जास्त आढळले तर घरातील मोठ्यांची रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि साखर तपासावी. या तपासण्या ग्रामीण रुग्णालयातही होतात. किडनीचे बरेच नुकसान होईपर्यंत क्रिएटिनिन सामान्य राहू शकते, म्हणून लघवीची तपासणी टाळू नका.

शरीरातील युरेनियम "धुऊन काढणारे" औषध अशा वेळी लागत नाही. पाणी बदलणे हाच उपचार. नंतर शरीर ते हळूहळू स्वतःच बाहेर टाकते. कोणी भस्म, काढा किंवा "डिटॉक्स"च्या सलाइन सुचवल्या तर घेऊ नका. काही भस्मांतील जड धातूंमुळेच किडनी बिघडू शकते.

लगेच डॉक्टरांना दाखवा: चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवी कमी होणे, लघवीला सतत फेस येणे, लघवीत रक्त, न थांबणारी मळमळ किंवा दम लागणे. कारण काहीही असो, ही लक्षणे थांबून पाहण्यासारखी नाहीत.

पिवळा दगड सापडला तर?

प्रत्येक पिवळा दगड युरेनियमचा नसतो. गंधक, पिवळी माती, लोहाचे गंज हे सगळे पिवळेच दिसतात. अतिनील टॉर्चखाली चमकणारे इतर अनेक दगडही असतात. त्यामुळे घरी खात्री करता येत नाही. तरी शंका असेल तर:

- दगड फोडू, कुटू, चाटू नका. हात साबणाने धुवा.
- मुलांच्या हाती देऊ नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका.
- जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना कळवा. परमाणु खनिज निदेशालयाचे विभागीय कार्यालय नागपूरला आहे.
- खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नका. युरेनियमच्या खनिजांवर सरकारी नियंत्रण आहे. "लाखोंना जातो" असे सांगणारा माणूस बहुधा फसवायलाच आलेला असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अशा पाण्यावर पिकवलेले धान खाल्ले तर?*
पिके मुळांतून थोडेच युरेनियम दाण्यापर्यंत नेतात. कुटुंबाच्या दृष्टीने पिण्याचे पाणी हीच मुख्य वाट आहे.

*युरेनियममुळे मुतखडा होतो का?*
मुतखड्याची नेहमीची कारणे म्हणजे कमी पाणी पिणे, उन्हातले काम, आहार आणि आनुवंशिकता. युरेनियमच्या भीतीने पाणी पिणेच कमी केले तर खडा होण्याची शक्यता वाढते.

*घरात कोणालाच त्रास नाही, तरी तपासणी करावी का?*
खोल बोअर हेच पिण्याच्या पाण्याचे एकमेव साधन असेल तर एकदा जरूर करावी. सुरुवातीला काहीही लक्षण नसते.

त्या बाईंचे काय झाले?

त्यांच्या बोअरच्या पाण्याचा नमुना पाठवला. युरेनियम मर्यादेच्या आतच निघाले. किडनीवरचा भार वाढला होता तो अनेक वर्षांच्या न सांभाळलेल्या रक्तदाबामुळे आणि रोजच्या दुखण्याच्या गोळीमुळे. बीपीचे औषध पुन्हा सुरू केले, ती गोळी बंद केली, मीठ कमी केले. क्रिएटिनिन पूर्ण सामान्य झाले नाही, पण वाढायचे थांबले. आता त्या दर तीन महिन्यांनी येतात.

मुलाने पाण्याबद्दल विचारले, हे चांगलेच केले. पाण्याचे उत्तर प्रयोगशाळा देईल. ते येईपर्यंत बीपी मोजत राहा, साखर तपासत राहा आणि सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

*हा लेख सामान्य माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची परिस्थिती वेगळी असते. उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*